पट्टी भरणारा याचक नव्हे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक उपासिका आपल्या वस्तीतील चार बायांना बरोबर घेऊन माझ्या कचेरीत आली. या कुटुंबाला दीक्षा घेऊन पुरते वर्षही झालेले नव्हते. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कागद काढले व टेबलावर मांडले. पहिला घरपट्टीच्या बिलाचा, त्यात थकबाकीवरील दंड चढविलेला. दुसरा वहीचे फाडलेले पान, त्यावर टँकरवाल्याने महिन्याच्या पाण्याचा हिशेब लिहिलेला. तिसरी संडासाच्या महिन्याच्या पासाची पावती. ती म्हणाली, "वकीलसाहेब, पाणी आम्ही विकत घेतो, संडासाला आम्ही पैसे देतो, गटार आमची पोरे उपसतात. मग ही पट्टी कशाची?" हाच प्रश्न तिने नगरपालिकेच्या खिडकीवर विचारला होता. तेथील बाबूने तिला उत्तर दिले होते, "मिळते तेच पुष्कळ समजा."

त्या बाबूचे नाव किंवा त्या नगरपालिकेचे गाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण असे बाबू प्रत्येक गावी आहेत. परंतु त्याच्या त्या एका वाक्याचा समाचार घेणे अवश्य आहे. 'मिळते तेच पुष्कळ समजा' हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी वेशीबाहेर उभे राहून पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्या वेळी पदरात उष्टे पडत होते आणि उत्तरादाखल जोहार घालावा लागत होता. धर्मांतर करून आपण तो जोहार टाकला. परंतु तोंडाने जयभीम म्हणावयाचे आणि पालिकेच्या खिडकीपुढे मात्र मान खाली घालून उभे राहावयाचे, असे होत असेल तर जोहार गेला कोठे? तो फक्त जागा बदलून बसला. पट्टी भरणारा मनुष्य हा याचक नव्हे. तो सार्वजनिक तिजोरीचा भागीदार आहे, आणि भागीदाराला हिशेब मागण्याचा अधिकार असतो. या लेखात एवढेच एक म्हणणे मांडावयाचे आहे.

महाडचे तळे कोणाचे होते?

महाडचा संग्राम आपण दर वर्षी आठवतो. पण त्या संग्रामाच्या पोटात नगरपालिकेचा एक कायदेशीर प्रश्न होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्या ठरावाचा आधार दया किंवा भूतदया हा नव्हता. जी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सार्वजनिक पैशाने बांधली गेली किंवा चालविली जातात, अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, ती अस्पृश्यांना खुली असली पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे जेथे सर्वांचा पैसा, तेथे सर्वांचा हक्क. या ठरावास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले केले. ते फक्त कागदावर खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हा तो कागद जिवंत झाला.

पुढे काय झाले तेही नीट लक्षात ठेवावे. त्याच नगरपालिकेने त्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, आपला ठराव रद्द केला. सनातन्यांनी दिवाणी दावा लावला, मनाई हुकूम मिळविला. तो दावा लढता लढता दहा वर्षे लोटली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवणारी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. ज्या नगरपालिकेने दिले तिनेच काढून घेतले, आणि ते परत मिळविण्यास सत्याग्रहाइतकीच वकिलीही लागली. यातून निघणारा धडा असा की, पालिकेच्या ठरावावर विसंबून घरी बसणाऱ्याच्या वाट्याला पाण्याचा थेंब येत नाही. ठरावाचा पाठपुरावा करणाऱ्यालाच तो मिळतो.

'झोपडीवाला कर भरीत नाही' हे असत्य

शहरातील सुखवस्तू मंडळी पट्टीवाढीची बातमी वाचून चिडतात. रस्त्यात खड्डे, नळाला पाणी नाही आणि वर नवे शुल्क, हा त्यांचा संताप अवाजवी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु या संतापाच्या शेवटी एक वाक्य हमखास येते की, 'कर आम्ही भरतो आणि सवलती झोपडपट्टीला मिळतात.' हे वाक्य असत्य आहे, आणि असत्य पुष्कळ वेळा उच्चारल्याने सत्य होत नाही. मुंबईचेच उदाहरण घेऊ.

१ जुलै २०१७ पासून मुंबईतील जकात बंद झाली व वस्तू आणि सेवा कर आला. जकातीच्या मोबदल्यात महानगरपालिकेला राज्य शासनाकडून नुकसानभरपाई मिळते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई १४,००० कोटी रुपयांहून अधिक धरलेली होती. मालमत्ता कराचे उत्पन्न त्याच अंदाजपत्रकात सुमारे ५,२०० कोटी धरलेले होते. आता जकात काय किंवा तिची जागा घेणारा कर काय, तो भरतो कोण? साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मुलाची चप्पल, घरावरचा पत्रा, जे जे विकत घ्यावे त्या प्रत्येकातून तो जातो. झोपडीत राहणारी बाई दुकानातून साबण आणते त्या क्षणी ती करदाती असते. तिच्या नावाचे बिल निघत नाही म्हणून तिने पैसा दिला नाही, असे म्हणणे म्हणजे विहीर खणणाऱ्याला पाणी नाकारण्यासारखे आहे.

याची दुसरी बाजूही पाहा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ झाला. त्या सदनिकांत राहणारे नोकरदार, गिरणी कामगारांची मुले, पेन्शनर यांना हा दिलासा मिळाला याबद्दल आमची तक्रार मुळीच नाही. त्यांत आपलेही बांधव आहेत. परंतु ज्या वस्तीत घरोघरी संडास नाही, तेथे पैसे देऊन वापरावयाच्या शौचालयाचा हिशेब कोणी मांडला आहे काय? माणशी दिवसाला केवळ २ रुपये धरले, तरी पाच माणसांच्या कुटुंबाचे महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये होतात. म्हणजे ज्याच्या घरात संडास आहे त्याचा कर शून्य, आणि ज्याच्या घरात तो नाही त्याला देहधर्मासाठी वर्षाला हजारोंचा भुर्दंड. याला कोणी कर म्हणत नाही, म्हणून तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पण गरिबाच्या कनवटीतून तो रोज जातो.

पाण्याचेही तसेच. २००० सालानंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळ द्यावयाचा नाही, हे मुंबईतील धोरण उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ च्या निर्णयात मान्य केले नाही. पाणी हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर अनधिकृत असले तरी त्यातील मनुष्य तहानेने तडफडावा असा कायदा नाही, असे न्यायालयाने ठरविले. वाटल्यास दर अधिक लावा, एवढी मोकळीक पालिकेला राहिली. या निर्णयानंतरही जेथे नळ पोहोचला नाही तेथे टँकर व पिंपवाले पोहोचले. नळाच्या दराच्या कितीतरी पट पैसा मोजून पाणी घेणारा मनुष्य फुकट खातो, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

पैसा येतो, मग तो जातो कोठे?

मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती व तीपैकी सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या लोकसंख्येने भागिले तर माणशी वर्षाला सुमारे ६०,००० रुपये पडतात, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबामागे ३ लाख रुपये. आपल्या गल्लीत शंभर घरे असतील तर त्यांच्या वाट्याचे वर्षाचे ३ कोटी झाले. आता घराबाहेर उभे राहून गल्लीकडे एकदा पाहा आणि त्या ३ कोटींतले काय दिसते ते मोजा. खर्च घरोघर सारखा वाटून होत नसतो; धरणे, इस्पितळे, पूल, सांडपाण्याची कामे ही सर्वांची असतात, हे आम्हांस कळते. तरीही शंभर घरांच्या गल्लीत एक धड गटार असू नये, याचा खुलासा त्या आकड्यांतून होत नाही.

आणि हा पैसा खर्च करण्याची संमती कोणी दिली? संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने, १ जून १९९३ पासून, शहरांच्या स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो की, पालिकेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक झालीच पाहिजे. असे असता मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका प्रशासकाच्या हाती होती. पुणे, नागपूर व इतर शहरांतही तोच प्रकार झाला. या काळात अंदाजपत्रक मांडणाराही अधिकारी आणि मंजूर करणाराही अधिकारी. पट्टी मात्र लोकांनी भरली. अनुच्छेद २४३-टी ने अनुसूचित जातींसाठी व स्त्रियांसाठी ज्या जागा राखून ठेवल्या, त्या जागांवर या चार वर्षांत कोणीही बसलेले नव्हते. ज्या सभागृहात आपला मनुष्य उभा राहून 'आमच्या वस्तीचे काय?' असे विचारू शकला असता, ते सभागृहच बंद होते.

सभागृहाची ही गोष्ट बाबासाहेबांना पूर्ण ठाऊक होती. १९३२ साली मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायतीचे बिल आले, तेव्हा अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसेल तर अशा पंचायती म्हणजे त्यांच्या मानेवर बसलेले नवे धनी होत, अशी भूमिका त्यांनी घेतली. स्थानिक स्वराज्य हा शब्द गोड आहे, पण स्थानिक म्हणजे कोण आणि स्वराज्य कोणाचे, हे विचारल्यावाचून आपण तो गिळू नये.

आता केरकचऱ्याचे पाहू. १ एप्रिल २०२५ रोजी मुंबई पालिकेने घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा मसुदा पुढे आणला. त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये व त्याहून मोठ्या घरांना ५०० ते १,००० रुपये वापरशुल्क सुचविले होते. हरकतींसाठी लोकांना मुदत दिलेली होती. वृत्तपत्रांतून संताप पुष्कळ झाला. पण मी आपणांस विचारतो, आपल्या किती विहारांतून, किती मंडळांतून त्या मसुद्यावर लेखी हरकत गेली? देवनारचे कचराक्षेत्र १९२७ सालापासून चालू आहे. महाडला आपण पाण्यासाठी लढलो त्याच वर्षी मुंबईने आपला कचरा तेथे टाकण्यास प्रारंभ केला. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते? शहराचा धूर कोणाची मुले घेतात? २०१६ साली तो डोंगर पेटला तेव्हा खोकत कोण बसले? ज्यांच्या उशाशी सबंध शहराचा कचरा ठेवला, त्यांच्याकडूनच कचऱ्याचे शुल्क मागावयाचे असेल, तर आधी त्यांचे देणे किती निघते ते मोजा.

आणि तो कचरा उचलतो कोण? वर्षानुवर्षे पालिकेचे काम करणाऱ्या आणि तरीही कंत्राटदाराचे नोकर म्हणून गणल्या गेलेल्या २,७०० सफाई कामगारांना कायम करावे, हा निर्णय टिकविण्यासाठी त्यांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो २०१७ साली टिकला. गटारात उतरून मेलेल्या मनुष्याच्या वारसांना १० लाख रुपये द्यावे असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाखांवर नेली. या मृतांच्या जाती कोणत्या, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. पालिकेची काटकसर कोठे सुरू होते ते यावरून दिसते. ती रस्त्याच्या निविदेपाशी होत नाही, झाडूवाल्याच्या पगारापाशी होते.

कायदा कोणाच्या बाजूस आहे?

पुष्कळांना वाटते की, पालिकेने मागितले म्हणजे द्यावेच लागते. तसे नाही. संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो की, कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. कर आणि शुल्क यांतही भेद आहे. शिरूर मठाच्या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. कर हा सर्वसाधारण खर्चासाठी असतो, शुल्क हे विशिष्ट सेवेच्या बदल्यात असते. पुढील निर्णयांनी हा तोल रुपया-पैशांत तंतोतंत जुळण्याची अट सैल केली हे खरे. परंतु शुल्काचा आणि सेवेचा संबंध मात्र असलाच पाहिजे. १९९२ साली अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, कायद्यात स्पष्ट अधिकार दिलेला नसेल तर शुल्क घेता येत नाही. तो अधिकार ओघाने आला असे मानता येत नाही. तेव्हा सेवा न देता शुल्क मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा की, 'कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने?'

'पैसा नाही' ही सबबही कायद्याला मान्य नाही. मध्य प्रदेशातील रतलामच्या नागरिकांनी उघडी गटारे व संडासांचा अभाव यांविरुद्ध दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला होता. नगरपालिका म्हणाली, तिजोरी रिकामी आहे. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली व सांगितले की, लोकांच्या आरोग्याचे मूलभूत कर्तव्य पैशाच्या अभावी टाळता येणार नाही. तो अर्ज ज्या कलमाखाली होता, ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आले आहे. गटार तुंबून वस्तीत रोग पसरत असेल तर हा मार्ग आजही मोकळा आहे.

काही तरुण म्हणतात, 'साहेब, पट्टीच भरू नये, म्हणजे यांचे डोळे उघडतील.' हा सल्ला मी देणार नाही. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के दंड चढतो. सावकारही लाजेल असा हा दर आहे. मोठा थकबाकीदार वकील लावतो, वर्षे काढतो आणि मग त्याच्यासाठी 'अभय योजना' निघते. २०२० साली पुण्यात अशाच योजनेत दंडावर ८० टक्के सूट दिली गेली. गरीब मनुष्य अभयाची वाट पाहत बसला तर त्याच्या दारावर आधी जप्तीची नोटीस येते. म्हणून न्याय्य पट्टी वेळेवर भरावी. अन्याय्य पट्टीवर मुदतीत लेखी हरकत घ्यावी, जरूर तर हरकत राखून पैसे भरावे व अपील करावे. हरकतीची मुदत नोटिशीतच दिलेली असते. ती गेली की खरा मनुष्यही हरतो. पुण्यात १९७० सालापासून स्वतः राहणाऱ्या घरमालकाला करात ४० टक्के सवलत होती. ती मध्यंतरी गेली व २०२३ साली परत आली. परंतु ज्यांची सवलत गेली होती त्यांनी ठराविक अर्ज भरून द्यावयाचा होता. ज्याने वाचले त्याला मिळाली, ज्याने वाचले नाही तो जादा भरीत राहिला. हक्क कायद्यात असतो, पण तो हातात पडतो अर्जाने.

आपल्या घरातील दोष

दुसऱ्याला दोष देऊन थांबणे सोपे आहे. आता आपल्याकडे वळू. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत पाकिटे येतात, ती घेतो कोण? नगरसेवकाने गटाराच्या ऐवजी स्वतःच्या नावाची कमान उभारली, चांगला असलेला रस्ता उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक बसविले, तेव्हा नारळ फोडावयास टाळ्या वाजवीत कोण उभे होते? आणि हे लिहिताना मनाला यातना होतात, पण लिहिले पाहिजे. ज्या कंत्राटदाराने आपल्या शौचालयाचे सिमेंट खाल्ले त्याच्याच वर्गणीतून आपण भीमजयंतीचा मंडप घालतो आणि फलकावर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावतो. तो त्या एका वर्गणीत वर्षभराचे मौन विकत घेतो. पाच हजारांची वर्गणी देऊन पाच लाख गिळणारा मनुष्य दानशूर नव्हे.

आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. सार्वजनिक पैसा खाणे हे त्या शीलाचे उल्लंघन आहे, आणि खाणाऱ्याकडून वाटा घेऊन गप्प बसणे हेही त्याचेच उल्लंघन आहे. दीघ निकायातील कूटदन्त सुत्ताची कथा आपल्या विहारांतून सांगितली गेली पाहिजे. राज्यात चोरचिलटांचा उपद्रव माजला असता राजाला यज्ञ करावयाचा होता. पुरोहिताने त्याला सांगितले की, अशा वेळी गांजलेल्या लोकांवर नवा कर बसविणे योग्य नव्हे; शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व चाकराला वेतन द्या, म्हणजे उपद्रव आपोआप शमेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा अर्थशास्त्राचा धडा आजच्या अधिकाऱ्यांनी घ्यावा असा आहे. आपणही तो घ्यावा.

नवदीक्षित कुटुंबांच्या मनात एक भीती असते, तिचाही येथे निकाल लावतो. 'बौद्ध झालो म्हणजे वस्तीसुधारणेच्या निधीवरचा, राखीव जागेवरचा हक्क गेला' असे त्यांना कोणी तरी सांगते. हे खोटे आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना त्या सवलती मिळाल्या. ज्याची जात त्या यादीत आहे, त्याने बौद्ध धम्म स्वीकारल्याने त्याचा तो हक्क बुडत नाही. दाखल्याचे कागद वेळीच नीट करून घ्यावेत, आणि घाबरविणाऱ्याला कलम विचारावे.

मग करावे काय?

त्या उपासिकेला आणि तिच्याबरोबरच्या बायांना मी जे सांगितले तेच आपणांस सांगतो.

पहिली गोष्ट, प्रत्येक पावती जपा. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करीत नाही, परंतु वास्तव्याचा तो चांगला पुरावा आहे. पुनर्वसनाच्या वेळी अशा एकेका कागदावर घर मिळते किंवा जाते. टँकरचा आणि संडासाचा खर्चही वहीत लिहा. शंभर घरांच्या शंभर वह्या एकत्र आल्या म्हणजे तो पुरावा होतो.

दुसरी गोष्ट, माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती मिळाली पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील मनुष्याला तेही १० रुपये लागत नाहीत. अर्जात मोघम लिहू नका. अमुक गल्लीतील अमुक काम, त्याची निविदा, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, मोजमाप पुस्तकाची प्रत, एवढेच मागा. चालू कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचा नमुना घेण्याचाही अधिकार त्याच कायद्यात आहे. सिमेंटमध्ये रेती किती, हे तोंडाने भांडून ठरत नाही, नमुन्याने ठरते.

तिसरी गोष्ट, अंदाजपत्रक वाचा. मुंबईचे आयुक्त ते फेब्रुवारीच्या प्रारंभी मांडतात. इतर शहरांतही ते आर्थिक वर्ष उजाडण्यापूर्वी येते. मांडून झाल्यावर ओरडण्यापेक्षा डिसेंबरातच आपल्या वस्तीच्या मागण्या लेखी द्या आणि पोच घ्या. विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास यासाठी ठेवा. शिकलेल्या मुलामुलींनी मोठ्याने वाचावे, वडीलधाऱ्यांनी प्रश्न विचारावेत. बाबासाहेबांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कोठून येतो व कोठे जातो हे कळल्यावाचून सत्ता कळत नाही, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले होते. त्यांच्या लेकरांनी आपल्या वॉर्डाचे चार आकडे समजून घेऊ नयेत काय?

चौथी गोष्ट, एकटे जाऊ नका. खिडकीवर एकटी बाई गेली तर तिला 'पुष्कळ समजा' ऐकावे लागते. चाळीस बाया लेखी अर्ज घेऊन गेल्या, तर तोच बाबू खुर्ची देतो. त्या उपासिकेच्या वस्तीत असेच झाले. वह्या भरल्या, अर्ज गेला, दंडाच्या आकारणीवर हरकत नोंदली गेली. गटाराचे काम अजून मिळावयाचे आहे, आणि कदाचित दंडाधिकाऱ्यापुढे जावे लागेल. परंतु त्या खिडकीवरची भाषा बदलली आहे. पुढल्या वेळी गेल्यावर तिला 'बसा, बाई' असे म्हटले गेले. हे लहान नव्हे. माणूस म्हणून मान मिळविण्यासाठीच आपण महाडला गेलो होतो. पाणी तर घरीही होते, असे नव्हे, पण पाण्याहून मोठी ती गोष्ट होती.

बंधूंनो, भगिनींनो, पालिका ही कोणाची जहागीर नाही. तिच्या नळातील पाणी, तिच्या दिव्यातील प्रकाश, तिच्या इस्पितळातील खाट यांत आपल्या घामाचा पैसा आहे. तो पैसा आपण दान म्हणून दिलेला नाही आणि त्याच्या मोबदल्यात मिळणारी सेवाही दान म्हणून स्वीकारावयाची नाही. जो हिशेब मागतो तोच नागरिक होय. पट्टी भरा, पावती घ्या, आणि पावती घेतल्यावर तेथेच उभे राहून हिशेब विचारा.

जयभीम.